कमी खर्चात बँकॉक: नदी, कालवा आणि रेल्वेच्या आधाराने

बँकॉक स्वस्त आहे, हे मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते, आणि तरीही ठरवलेल्यापेक्षा दुप्पट खर्च करून परतणारे पुष्कळ भेटतात. तिथे जेवण महाग नाही आणि झोपायची जागाही महाग नाही. पैसा गळतो तो रस्त्यावर, म्हणजे गैरसोयीच्या भागात खोली घेऊन दिवसातून चार-चार वेळा टॅक्सी आणि टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, करण्यात. शिवाय त्या टॅक्सीत बसून तासभर एकाच सिग्नलजवळ थांबावे लागते ते वेगळेच. त्यामुळे पाठीवर सॅक घेऊन या शहरात जाणाऱ्याने आधी नकाशावर चाओ फ्राया नदी, सेन सेप कालवा आणि रेल्वेचे मार्ग पाहून घ्यावेत, त्यांच्या जवळ राहण्याची जागा शोधावी आणि मग त्यांच्याच काठाने दिवस आखावेत. हा क्रम पाळला की निम्मा खर्च आपोआप आटोक्यात येतो.

निघण्यापूर्वीची तयारी फार मोठी नाही, पण ती वेळेवर करावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चालायला सर्वांत सुसह्य असतात, परंतु खोल्यांचे दरही तेव्हाच चढे असतात. मार्च ते मे कडक उन्हाळा आणि मे ते ऑक्टोबर पावसाळा. पावसाळ्यातील सरी बहुधा दुपारनंतर येऊन जातात, त्यामुळे कोकणच्या पावसाची सवय असलेल्या माणसाला हा काळ परवडतो आणि मानवतोही. भारतीय पारपत्रावर व्हिसाविषयी जे नियम लागू होतात ते गेल्या काही वर्षांत वरचेवर बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या महिन्यात लागू असलेला नियम वाचावा. 1 मे 2025 पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येते. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते बंद करावे. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे आरक्षण यांची छापील प्रत जवळ असावी, कारण ती विमानतळावर मागितली जाऊ शकते.

पैशांच्या बाबतीत दोन सूचना विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे रुपये नेऊन तिथे बदलण्यापेक्षा अमेरिकन डॉलरच्या शंभराच्या, न दुमडलेल्या आणि शाईचे डाग नसलेल्या नोटा न्याव्यात, कारण मोठ्या आणि स्वच्छ नोटेला दर चांगला मिळतो. सुवर्णभूमी विमानतळावर आगमन कक्षातील बँकांच्या खिडक्या सोडून तळघरात रेल्वे स्थानकाजवळ जावे. तिथे असलेल्या खासगी विनिमय केंद्रांचा दर स्पष्टपणे जास्त असतो. दुसरी सूचना एटीएमविषयी. परदेशी कार्डावर तिथले यंत्र प्रत्येक वेळी 220 बाथ किंवा त्याहून अधिक शुल्क कापते, म्हणजे जवळपास एका दिवसाचे जेवण. एटीएम वापरावेच लागले तर एकदाच मोठी रक्कम काढावी, आणि रक्कम रुपयांत बदलून दाखवू का, असे यंत्राने विचारल्यास नकार द्यावा, कारण त्या बदलाचा दर नेहमीच प्रवाशाच्या विरोधात असतो. एका बाथाला किती रुपये पडतात ते निघण्यापूर्वी पाहून मनात हिशेब करत राहावा.

सुवर्णभूमी हे नाव आपल्याला लगेच कळते, पण स्थानिक उच्चार ‘सुवन्नफूम’ असा आहे, आणि रस्ता विचारताना तोच उपयोगी पडतो. या विमानतळावरून शहरात येणारी एअरपोर्ट रेल लिंक फाया थाय स्थानकापर्यंत सुमारे अर्ध्या तासात पोहोचवते आणि तिचे सर्वांत महाग तिकीट 45 बाथांचे आहे. फाया थायला उन्नत रेल्वे, म्हणजे बीटीएस, मिळते. त्याआधीच्या मक्कासान स्थानकावरून चालत फेत्चबुरी येथे जाऊन भुयारी रेल्वे, म्हणजे एमआरटी, पकडता येते. जुन्या शहरात उतरणार असाल तर एस-वन क्रमांकाची बस 60 बाथांत थेट खाओ सान रस्त्याजवळ सोडते. स्वस्त विमान कंपन्यांची बरीच उड्डाणे डॉन म्युआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरतात. तिथून ए-फोर ही बस जुन्या शहरात जाते. रात्री उशिरा उतरणाऱ्याने मात्र मन मोठे करून अधिकृत रांगेतील मीटरची टॅक्सी घ्यावी. मीटरच्या भाड्यावर विमानतळाचे शुल्क आणि द्रुतगती मार्गाचा पथकर द्यावा लागतो. दोघे-तिघे असल्यास ही रक्कम डोईजड होत नाही.

आता राहण्याच्या जागेविषयी जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे. सॅकवाल्या प्रवाशांचे नाव निघाले की खाओ सान रस्त्याचे नाव निघतेच. ‘खाओ सान’ म्हणजे कोंडा काढून साफ केलेला तांदूळ. इथे एके काळी तांदळाची बाजारपेठ होती. आज तिथे पहाटेपर्यंत कर्णे वाजत असतात, आणि जो सकाळी सातला उठून देवळे पाहायला निघणार आहे त्याने या रस्त्यावर झोपू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु त्या रस्त्याभोवतीचा बांगलाम्फू हा भाग मात्र उत्तम आहे. रामबुत्री गल्ली, नदीकाठचा फ्रा आथित रस्ता आणि छोटा कालवा ओलांडल्यावर लागणारा सामसेन परिसर इथे शांत, कुटुंबांनी चालवलेली अतिथिगृहे आणि हॉस्टेल आहेत, सकाळी भाजीबाजार भरतो, आणि राजवाडा पायी वीस-पंचवीस मिनिटांवर येतो. सामायिक खोलीतील एक खाट साधारण 300 ते 500 बाथांत मिळते. बहुतेक ठिकाणी फक्त महिलांसाठी वेगळी खोलीही असते. एकट्या जाणाऱ्या मैत्रिणींनी ती आवर्जून मागावी. या भागाची एकच उणीव म्हणजे इथे रेल्वे नाही. ती उणीव खटकत असेल तर चिनी वस्तीत, वात मंगकोन (‘वात’ म्हणजे देऊळ) किंवा हुआ लाम्फोंग या भुयारी स्थानकांच्या आसपास राहावे. सुखुमवित रस्त्यावरील चकचकीत भाग रेल्वेच्या दृष्टीने सोयीचा आहे, पण तिथली खाट आणि जेवण दोन्ही महाग पडते आणि जुने शहर दूर राहते.

खोली आरक्षित करताना पहिल्या दोन रात्रींपुरतीच करावी. प्रत्यक्ष जागा पाहून, गादी आणि पंखा तपासून मुक्काम वाढवता येतो, आणि समोरासमोर बोलल्यावर दरही पुष्कळदा थोडा उतरतो. किल्लीसाठी अनामत रक्कम मागतात. तिची पावती घ्यावी. पारपत्र मात्र अनामत म्हणून कोणाकडेही ठेवू नये.

चाओ फ्राया नदीवरची प्रवासी लाँच हे बँकॉकमधील सर्वांत उपयुक्त वाहन आहे. धक्क्यावर गेल्यावर लाँचच्या टोकाला कोणत्या रंगाचा झेंडा आहे ते पाहायचे. नारिंगी झेंड्याची लाँच स्थानिकांची. तिचे भाडे कुठूनही कुठेही एकच आणि फक्त 16 बाथ असते. निळ्या झेंड्याची लाँच पर्यटकांची आणि कितीतरी महाग असते. साथोन धक्क्यावर, म्हणजे सफान ताक्सिन या बीटीएस स्थानकाखाली, निळ्या लाँचचे विक्रेते नवख्याला आपल्याच खिडकीकडे वळवतात. तिथे शांतपणे ‘नारिंगी’ एवढे सांगून पुढे जावे. साथोनहून निघाले की रात्चावोंग धक्क्यावर चिनी वस्ती, था तियेनला पहुडलेल्या बुद्धाचे वात फो, था चांगला राजवाडा आणि फ्रा आथितला बांगलाम्फू असा सगळा जुना पट्टा एकाच मार्गावर येतो. था तियेनहून समोरच्या वात अरुणला जायला आडवी तर, म्हणजे पलीकडच्या काठाला नेणारी नाव, आहे आणि तिचे भाडे पाच बाथांच्या आसपास असते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्यांना लाँचचा प्रवास नवा नाही, पण इथे लाँच धक्क्याला क्षणभरच टेकते, मागच्या फळीवर उभा असलेला माणूस शिट्ट्या वाजवून चालकाला इशारे देतो आणि तेवढ्यात चढायचे-उतरायचे असते. सॅक आधीच पोटावर घ्यावी. नारिंगी लाँच अंधार पडू लागला की बंद होतात, हेही ध्यानात ठेवावे.

नदी उत्तर-दक्षिण नेते, तर सेन सेप कालवा पूर्व-पश्चिम, आणि जुन्या शहरातून आधुनिक बाजारपेठेकडे जाण्यासाठी त्याला तोड नाही. सोनेरी टेकडीच्या देवळाजवळील फान फा धक्क्यावर सुरुवातीलाच बोट रिकामी मिळते. बोट लांबट आणि बसकी असते. काठावर पाय ठेवून, दोर धरून आत उतरायचे आणि लगेच बाकावर बसायचे. कडेला बसणाऱ्याच्या हाताशी एक दोरी असते. ती ओढली की निळी ताडपत्री वर येते. समोरून दुसरी बोट आली, पाणी उसळले की सगळे प्रवासी सवयीने एकदम ती दोरी खेचतात आणि बोट गेली की सोडतात. नवख्याकडे दोरी आली तर शेजारच्या आजीबाई नजरेने खूण करतात. डोक्यावर हेल्मेट घातलेली कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत येते. उतरण्याच्या धक्क्याचे नाव सांगून तिला दहा-वीस बाथ द्यायचे आणि कागदाचा चिटोरा तिकीट म्हणून जपून ठेवायचा. तिच्या हेल्मेटचे कारण पूल आले की कळते, कारण छत खाली घेऊनच बोट त्यांच्याखालून निसटते. पाण्याला वास येतो, हे खरे आहे. पण रस्त्यावरून तासभर लागणारे अंतर इथे वीस मिनिटांच्या आत कापले जाते. सफान हुआ चांगला उतरल्यास रेशीम व्यापारी जिम थॉम्पसन यांचे लाकडी घर आणि विनामूल्य कला केंद्र पायी अंतरावर आहे. प्रतुनाम येथे बोट बदलून पुढे पूर्वेकडे जाता येते.

बीटीएस 1999 साली आणि एमआरटी 2004 साली सुरू झाली. दोन्ही वेगळ्या संस्थांच्या असल्याने तिकिटेही वेगळी घ्यावी लागतात, आणि एकाच प्रवासात दोन्ही वापरल्या तर दोनदा मूळ भाडे पडते. म्हणून शक्यतो एकाच रेल्वेने जाता येईल असा बेत करावा. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचे स्पर्शविरहित कार्ड चालते. आत शिरताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड लावावे. 2019 मध्ये निळी मार्गिका वाढवल्यापासून सनाम चाय स्थानकातून वात फोपर्यंत पाच-सात मिनिटांत चालत जाता येते. साध्या, पंख्याच्या लाल बसचे भाडे दहा बाथांच्या आत असते, मात्र पाट्या थाई भाषेत असल्याने व्हायाबस हे अ‍ॅप फोनवर घ्यावे, म्हणजे बस कुठवर आली ते दिसते. टुकटुकला मीटर नसते. हौसेने एकदा बसावे, रोजचे वाहन म्हणून नाही.

जेवणाच्या बाबतीत मांसाहारी माणसाला काही सांगावे लागत नाही. गाडीवरचे खाओ मन गाय, म्हणजे कोंबडीच्या रश्शात शिजवलेला भात आणि वर उकडलेल्या कोंबडीचे काप, किंवा नूडल सूपचा वाडगा 50 ते 70 बाथांत पोटभर मिळतो. जिथे कार्यालयातील माणसे दुपारी रांग लावतात तिथे बिनधास्त खावे. आपल्या राइसप्लेटला जवळचे म्हणजे खाओ गेंग: काचेमागे दहा-बारा परातींत भाज्या आणि रस्से मांडलेले असतात, बोटाने दाखवायचे, आणि भातावर दोन प्रकार वाढून ताट हातात येते.

शाकाहारी वाचकांची चिंता वेगळी असते आणि ती रास्तही आहे, कारण साध्या परतलेल्या भाजीतही माशांपासून केलेला नाम प्ला किंवा कालवांचा सॉस पडतो. इथे एक शब्द कायमचा लक्षात ठेवावा: ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात हे अक्षर दिसले की त्या दुकानात मांस, मासे, अंडी, दूध काहीही नसते, आणि विशेष म्हणजे कांदा-लसूणही नसते. त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांतील माणसांनाही तिथे जेवता येते. ‘आहान जे’ असे विचारावे. त्यातला ‘आहान’ म्हणजे आपला आहारच. दूध-अंडी चालणाऱ्या शाकाहाराला ते ‘मंगसविरत’ म्हणतात, आणि त्यातले मांस व विरती हे दोन्ही शब्द आपल्याला ओळखीचे आहेत. साध्या गाडीवर ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे नाम प्ला घालू नका, एवढे वाक्य पाठ असावे, आणि ते कागदावर थाई लिपीत लिहूनही न्यावे. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो. तेव्हा चिनी वस्तीतला याओवारात रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो आणि शाकाहारी माणसाला एवढी निवड एरवी कुठेच मिळत नाही. एरवी मॉलमधील खाद्यदालने सोपी पडतात. आसोक येथील टर्मिनल ट्वेंटीवन मॉलच्या वरच्या मजल्यावर पदार्थांचे दर रस्त्याइतकेच आहेत आणि तिथे ‘जे’ पदार्थांचे काउंटरही आहे. फाहुरात या भारतीय वस्तीत गुरुद्वारा आहे आणि उत्तर भारतीय जेवणही मिळते. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या न्याव्यात. गरम भात कोणत्याही दुकानात दहा-पंधरा बाथांत मिळतो आणि त्यावर मेतकूट घातले की रात्रीचे जेवण होते. नळाचे पाणी पिऊ नये. गल्लोगल्ली नाणे टाकून पाणी भरायची यंत्रे असतात आणि एका बाथात सुमारे लिटरभर पाणी मिळते, म्हणून बाटली सोबत ठेवावी.

देवळे आणि राजवाडा पाहण्यात पैसे खर्च होतात, तेव्हा निवड आधीच करावी. राजवाड्याचे तिकीट 500 बाथ आहे आणि ते द्यावे, असे मी सांगेन, कारण पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवरीत रामकियन, म्हणजे थाई रामायण, 178 भित्तिचित्रांत रंगवलेले आहे. हनुमान पांढरा आहे आणि शेपटीने फौजेसाठी पूल बांधतो, तोसाकन म्हणजे दशकंठ हिरव्या मुखाचा आहे. आजीकडून रामायण ऐकलेला माणूस तिथे दोन तास सहज रमतो. त्याच तिकिटात खोन या मुखवटानाट्याचा छोटा प्रयोग धरलेला असेल तर तोही पाहावा. खिडकीवर विचारून घ्यावे. दरवाजा सकाळी साडेआठला उघडतो आणि तेव्हाच पोहोचावे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. वात फोचे तिकीट 300 बाथ असून तिथली 46 मीटर लांबीची मूर्ती पाहताना तिच्या तळपायांवरील शिंपल्याचे नक्षीकाम चुकवू नये. वात अरुण मात्र पलीकडच्या काठावरून, मावळतीच्या वेळी, फुकट पाहिले तरी पुरेसे होते. चार मुखांचा ब्रह्मदेव ज्या चौकात पुजला जातो ते एरावन देवस्थान, सिलोम रस्त्यावरील मारिअम्मन मंदिर, लुम्फिनी उद्यानातील घोरपडी आणि बेन्चकिती वनोद्यान यांना काहीही शुल्क नाही.

राजवाड्याच्या तटाजवळ नीटनेटक्या कपड्यांतला एखादा गृहस्थ तुम्हाला थांबवील आणि आज धार्मिक कार्यक्रमामुळे वाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर वीस बाथांत टुकटुकने चार देवळे पाहून या, असे सांगेल. माझ्याशीही असेच बोलणे झाले होते. माणूस इतका सौजन्याने बोलत होता की शंका घेणेच अवघड वाटले. ती टुकटुक शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाते. हसून नमस्कार करावा आणि प्रवेशद्वारापर्यंत स्वतः चालत जाऊन पाहावे. राजघराण्याविषयी कोणतीही टवाळी करू नये, तो तिथे गंभीर गुन्हा आहे. ई-सिगारेटवरही बंदी आहे. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श होणार नाही एवढे अंतर ठेवावे, आणि मूर्तीकडे पाय करून कोणीही बसू नये.

या पद्धतीने राहिल्यास खाटेचे 400, जेवणखाणाचे 250, प्रवासाचे 100 आणि सरासरीने तिकिटांचे 200 बाथ धरून दिवस साडेनऊशे बाथांत बसतो. राजवाड्याच्या दिवशी खर्च वाढतो, उद्यानांच्या दिवशी कमी होतो. कपडे धुण्यासाठी हॉस्टेलला देण्याऐवजी गल्लीतील नाण्यांची यंत्रे वापरावीत.

चार-पाच दिवस हाताशी असतील तर एक दिवस अयुत्थयाला द्यावा. अयोध्येवरून नाव घेतलेली ही नगरी 1351 पासून 1767 पर्यंत राजधानी होती. बर्मी सैन्याने ती उद्ध्वस्त केल्यावर पंधरा वर्षांनी बँकॉक वसवले गेले. साध्या गाड्या अजूनही जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकातून सुटतात आणि तिसऱ्या वर्गाचे तिकीट वीस बाथांच्या आसपास असते. जलद गाडीचे तिकीट गळ्यात मारू द्यायचे नाही. खिडकीवर ‘तिसरा वर्ग, साधी गाडी’ हे स्पष्ट सांगावे. खिडक्या उघड्या, पंखे गरगरणारे, आणि फेरीवाल्या बायका पानात गुंडाळलेला भात विकत फिरणाऱ्या: दीड-दोन तास मजेत जातात. स्थानकासमोरच्या गल्लीतून सरळ गेले की पासक नदीची तर मिळते, पलीकडे उतरल्यावर भाड्याने सायकल घ्यावी आणि ऊन चढण्यापूर्वी वात महाथात गाठावे. झाडाच्या मुळांत अडकलेल्या बुद्धमुखाचे छायाचित्र घेताना खाली बसावे, कारण त्या मुखापेक्षा उंच उभे राहणे तिथे अनादराचे मानतात.

मुंबईकडे येणारी बरीच उड्डाणे रात्रीची असतात. शेवटच्या सकाळी खोली सोडून सॅक हॉस्टेलच्या सामानघरात ठेवावी, बहुतेक ठिकाणी संध्याकाळी परत आल्यावर अंघोळही करू देतात. किल्लीची अनामत परत घ्यावी आणि उरलेल्या नाण्यांतून रेल लिंकच्या तिकिटापुरती रक्कम बाजूला काढावी. कार्यालये सुटल्यावर रस्ते तुंबतात, त्यामुळे फाया थायला पोहोचेपर्यंत बस किंवा टॅक्सीवर न विसंबता फान फाहून कालव्याच्या बोटीने सफान हुआ चांगला उतरावे आणि तिथून चालत रात्चतेवी स्थानक गाठून बीटीएसने एक स्थानक पुढे जावे. ही बोटही संध्याकाळी उशिरा बंद होते, म्हणून सातच्या आत निघावे.